उन्हाळ्यात बीपीची गोळी बंद करावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे हे इतरांनाही कळेल. वडील 63 वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतात, अजून रोज वावरात जातात. दीड वर्षापासून टेल्मिसार्टन 40, ॲम्लोडिपिन 5 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 मिलिग्रॅम अशी तीन औषधं एकत्र असलेली एक गोळी रोज सकाळी घेतात. एप्रिल लागल्यापासून बसल्याजागेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा दुपारी घरच्या मशीनवर बीपी 104/64 निघालं. शेजारी सांगतात, बीपीची गोळी उन्हाळ्यात घ्यायचीच नसते. मग वडिलांनी चार दिवस बंद ठेवली, काही झालं नाही. पुन्हा सुरू केली, पुन्हा चक्कर. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी अधूनमधून असतेच. तुम्ही पुण्यात आहात आणि विचारताय, गोळी बंद करायला सांगू की एक दिवसाआड घ्यायला सांगू?

दोन्ही सांगू नका. पण आहे ते तसंच चालू द्या, असंही मी म्हणणार नाही. 104/64 आणि उठताना अंधारी म्हणजे या ऋतूत, या कामात, त्यांना औषध जास्त होत असण्याची बरीच शक्यता आहे. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांना आजउद्या फोन करा. या आठवड्यात वडिलांना तिथे जाऊ द्या. आणि तिथे जाऊन ‘बंद करू का’ एवढंच विचारू नका. ‘तिघांपैकी कोणतं कमी करायचं’ असं विचारा. माझं पुढचं सगळं सांगणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी बसतो. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली. आमच्याकडे एप्रिल ते जून ओपीडीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘डाक्टर, ऊन तपलं, आता गोयी बंद करू काय?’ लोक उगीच म्हणत नाहीत. त्यात तथ्य आहे. उष्णतेत शरीर थंड ठेवण्यासाठी कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, त्यामुळे बीपी आपोआप उतरतं. सरासरी पाहिली तर हिवाळ्याच्या तुलनेत वरचा आकडा साधारण पाचाने कमी भरतो. पण ही सरासरी सावलीत बसणाऱ्यांनाही धरून आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा नांगरटी, काडीकचरा वेचणं, शेणखत पसरवणं अशी कामं करणाऱ्या माणसाचं बीपी याहून बरंच खाली येऊ शकतं. डिसेंबरात बरोबर बसलेला डोस मे महिन्यात त्याच माणसाला भारी पडतो. इथपर्यंत शेजाऱ्यांचं बरोबर आहे. त्यांची चूक पुढे होते. ‘जास्त होतंय’ याचा अर्थ ते ‘गरज नाही’ असा घेतात. उन्हाळ्यात बीपी पाचाने उतरतं, ज्याचं मुळात 170 होतं त्याचं 120 होत नाही.

आता तिघांकडे एकेक करून बघू.

ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. उन्हात शरीराला पाणी कमी पडलं तरी ते किडनीवर थेट ताण आणत नाही, म्हणून या तिघांत मला ते उन्हाळ्यात कमी त्रासाचं वाटतं. त्याची खोड वेगळी: घोट्यांपाशी सूज. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना संध्याकाळी ती जास्त दिसते, उन्हाळ्यात आणखीनच. पायावर सूज आली की गावात ‘किडनी गेली’ अशी आवई उठते आणि माणूस गोळी फेकून देतो. बहुतेक वेळा ही सूज औषधाची असते आणि डोस कमी केला किंवा औषध बदललं की उतरते. तरी तोंडावर सूज, धाप किंवा लघवी कमी होणं असं सोबत असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, ते तपासायलाच हवं.

टेल्मिसार्टन चांगलं औषध आहे, मधुमेह असलेल्यांच्या किडनीला ते राखतं. पण शरीरातलं पाणी फार घटलं की गणित उलटतं. पाणी कमी झाल्यावर किडनी आपल्या गाळण्यांमधला दाब स्वतःच धरून ठेवते. टेल्मिसार्टन नेमकी तीच पकड सोडवतं. एरवी हे फायद्याचं, पण जुलाब-उलट्या चालू असताना किंवा उन्हात सुकून गेल्यावर किडनी एकदम मंदावू शकते आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीवाटे मीठ आणि पाणी काढणारी गोळी. हिचंच लहान-मोठं भावंड म्हणजे क्लोरथॅलिडोन. विदर्भाच्या उन्हाळ्यात माझं पहिलं लक्ष हिच्याकडे जातं. घामाने एकीकडून मीठ-पाणी चाललंय आणि गोळी दुसरीकडून काढतेय. साठीपुढच्या माणसात रक्तातलं सोडियम घसरलं की आधी थकवा, मळमळ, डोकं जड, मग तोल जाणं, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं ऊन लागलं, किंवा म्हातारपणामुळे भ्रम झाला. असा पेशंट आणला की मी सोडियम तपासायला सांगतो आणि औषधांची पट्टी मागतो. पट्टीवर शेवटी ‘एच’ किंवा ‘सीटी’ असलं तर निम्मं कारण तिथेच सापडतं.

ही अक्षरं ओळखायला शिका, फार उपयोगी पडतात. कंपनीचं नाव काहीही असो, नावामागे ‘एएम’ असेल तर सहसा ॲम्लोडिपिन असतं, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ म्हणजे क्लोरथॅलिडोन. ‘एटी’ असेल तर बहुधा ॲटेनोलॉल जोडलेलं असतं. खात्री मात्र खाली बारीक अक्षरात छापलेल्या मूळ नावावरूनच करायची.

एकाच गोळीत तिघं कोंबण्याचा फायदा उघड आहे. रोज एकच गोळी घ्यायची म्हणून माणूस चुकत नाही, खर्चही कमी. मीही अशा गोळ्या लिहितो. पण तिची अडचण अशा वेळी कळते: यातलं एकच काढायचं म्हटलं तर काढता येत नाही. गोळी अर्धी केली तर तिन्ही अर्धी होतात. दिवसाआड घेतली तर एक दिवस तिन्ही जास्त आणि एक दिवस तिन्ही अपुरी, शिवाय प्रत्येकाचा शरीरात टिकण्याचा वेळ वेगळा. काही गोळ्या दोन थरांच्या असतात, त्या मोडल्यावर कुठल्या तुकड्यात काय गेलं हेही सांगता येत नाही. म्हणून उन्हाळ्यापुरतं मी बऱ्याच जणांना सुट्या गोळ्यांवर आणतो. इथे सरकारी दवाखान्याचा फायदा होतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे पहिले चार जिल्हे होते त्यात वर्धा आणि भंडारा होते, आणि तिथे मुख्य भर ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा सुट्या, साध्या गोळ्यांवर ठेवला गेला. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयाच्या बीपी-शुगरच्या ओपीडीत या गोळ्या फुकट मिळतात. ‘सरकारी गोयी कमजोर असते’ हा समज सोडा. औषध तेच आहे.

आता मी इथून काय सांगू शकत नाही तेही ऐका. वडिलांची किडनी कशी आहे, शुगर आहे का, पूर्वी कधी हृदयाचा झटका किंवा लकवा येऊन गेला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोणाचं हृदय अशक्त असेल तर यातली काही औषधं बीपीच्या आकड्यासाठी दिलेलीच नसतात, हृदयासाठी असतात, आणि तिथे 105 हा आकडा डॉक्टरांना मुद्दाम हवा असू शकतो. चक्कर बीपीचीच असेल असंही नाही. रक्त कमी असणं, शुगर उतरणं, कानाच्या आतला दोष, नाडी मंद होणं, सगळ्यांत चक्कर येते. म्हणून तपासणीला पर्याय नाही. पण उठतानाच अंधारी येते आणि पडून राहिल्यावर बरं वाटतं, एवढ्यावरून माझा संशय बीपी आणि पाण्याच्या तुटवड्याकडे झुकतो. घरी एक चाचणी करता येते. पाच मिनिटं पडून राहिल्यावर बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. जवळ कोणीतरी धरायला हवं. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर तो कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. दहा शब्दांच्या वर्णनापेक्षा हा आकडा कामाचा.

चार दिवस बंद ठेवली आणि काही झालं नाही, ही गोष्ट गावात पुरावा म्हणून फिरते, त्यावर थोडं बोलतो. ॲम्लोडिपिनचा रक्तातला निम्मा साठा संपायलाच 30 ते 50 तास लागतात. म्हणजे दोन-तीन दिवस तर जुन्याच औषधावर गाडी चाललेली असते. त्यानंतर बीपी हळूहळू चढतं आणि चढताना बहुतेकांना काहीही जाणवत नाही. डोकं दुखलं तर बीपी वाढलं, नाही दुखलं तर ठीक, हा हिशेब चुकीचा आहे. 180 वर हसतखेळत बसलेली माणसं मी रोज पाहतो. ज्यांच्या गोळीत ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन आहे त्यांनी तर स्वतःहून बंद करण्याचा प्रयोग अजिबात करू नये. ही औषधं एकदम सोडली की नाडी आणि बीपी उसळी मारतात, हृदयाचा आजार असेल तर झटक्यापर्यंत जातं. ती उतरवायची तर टप्प्याटप्प्याने.

आता गुडघ्याच्या गोळीकडे येतो. तुम्ही ती प्रश्नात शेवटी, जाता जाता लिहिली. मला विचाराल तर तीच सगळ्यात धोक्याची आहे.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही दुखणं कमी करणारी औषधं किडनीकडे जाणारा रक्तप्रवाह घटवतात. टेल्मिसार्टन किडनीच्या आतला दाब उतरवतं. हायड्रोक्लोरोथायझाइड पाणी काढतं. तिन्ही एकाच पोटात आणि वरून 45 अंशांचं ऊन. यातून किडनी अचानक निकामी होण्याचा प्रकार डॉक्टरांना पक्का ठाऊक आहे, पण मेडिकलच्या काउंटरवर ‘गुडघा लय दुखते, एक गोयी दे’ म्हणणाऱ्याला तो कोण सांगणार? शिवाय याच गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा असर कमी करतात. मग बीपी वाढलं म्हणून डोस वाढतो. मग गुडघ्याची गोळी महिनाभर सुटते आणि वाढवलेला डोस अंगावर येतो, चक्कर सुरू. तुमच्या वडिलांच्या वर-खाली होणाऱ्या आकड्यांत हेही असू शकतं.

म्हणून बीपीच्या पेशंटला दुखण्यासाठी पहिली गोळी साधी पॅरासिटामॉल, आणि तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर तिथेही हात आखडता. मोहाची असो की देशी, लिव्हरला फरक पडत नाही. मेडिकलच्या गोळीची पट्टी पाहून घ्या, कारण ‘पॅरासिटामॉलची आहे’ म्हणून दिलेल्या गोळीत सोबत ॲसिक्लोफेनॅक असणं अगदी नेहमीचं. बाजारात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात, घेतली की दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. स्टेरॉइड बीपी आणि शुगर दोन्ही वाढवतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, तेही बीपी चढवतं. आणि दंडात किंवा कमरेत घेतलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन गोळीपेक्षा किडनीला सोपं असतं, हा समज तर मुळीच धरू नका.

झाडपाल्याबद्दल लगेच सांगून टाकतो. जेष्ठमधाचा काढा सलग घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. सर्पगंधा मात्र खरंच बीपी कमी करते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये तिच्यावरचं काम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं आणि जगाचं लक्ष वेधलं. पुढे तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढून गोळ्याही निघाल्या. म्हणूनच ती ‘साधी मुळी’ समजून चालू गोळीवर घेऊ नये. दोन औषधांची बेरीज होते, नाडी मंदावते, आणि मन खिन्न होणं हा तिचा जुना, माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

इतकं सगळं ठरवायचं कशावर? आकड्यांवर. आणि घरचे आकडे बहुतेक वेळा चुकीचे घेतलेले असतात. वडील वावरातून आले, दारात चपला काढल्या, कूलरपुढे बसले आणि पट्टा बांधला. हा आकडा काय सांगणार? आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नाही, विडी नाही आणि खर्राही नाही. खर्रा तोंडात धरून बीपी मोजणारे मी इतके पाहिलेत की आता पट्टा बांधण्याआधी तोंड उघडायला लावतो. तंबाखूतलं निकोटीन तेवढ्यापुरतं बीपी चढवतं. पट्टा बाहीवर बांधू नका, उघड्या दंडावर बांधा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा: आपल्याकडच्या काटक दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा कमी दिसतो, जाड दंडाला लहान लावला तर जास्त. मनगटावरचं मशीन शक्यतो नको. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून ज्या हाताला जास्त येईल तोच पुढे धरा. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे सात दिवस. सोबत ज्या वेळी चक्कर येते त्या वेळचा एखादा आकडा. घरी बसून घेतलेल्या आकड्यांची सरासरी 135/85 च्या खाली असेल तर सहसा नियंत्रण ठीक समजतात, मात्र वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर हे उद्दिष्ट खाली-वर करतात. मशीन नसेल तर उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे मोजून मिळतं, आशाताईंना विचारलं तर वार आणि वेळ कळेल.

तपासणीला जाताना आणखी एक घोळ होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटेची एसटी पकडून माणूस येतो. ‘रक्त तपासायचं आहे म्हणून उपाशी आलो, गोळीही नाही घेतली.’ मग त्या दिवशीचं बीपी 160 येतं आणि आम्ही डोस वाढवायला मोकळे! शुगरची गोळी उपाशीपोटी घेऊ नये हे खरं, पण बीपीची गोळी तपासणीच्या दिवशीही दोन घोट पाण्यासोबत घ्यायचीच, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवसाची वेळच आली असेल तर एकच घ्या, दोन नाही.

गोळी सकाळी की रात्री? ब्रिटनमधल्या ‘टाइम’ नावाच्या मोठ्या अभ्यासात 21 हजारांहून जास्त लोक होते, 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि सकाळी-रात्री घेण्यात झटका किंवा लकव्याच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे जी वेळ चुकणार नाही ती. लघवीची गोळी मात्र सकाळीच. रात्री घेतली तर म्हातारं माणूस दोनदा अंधारात अंगणात जाणार, उठताना चक्कर, त्यात विंचूकाट्याचे दिवस.

मिठाबद्दल दोन टोकं दिसतात. एकीकडे भाकरीसोबत ठेचा, लोणचं, पापड, वरून खारवलेली मिरची. दुसरीकडे डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हटल्यावर घरच्यांनी जेवणातलं मीठ पूर्ण बंद केलेलं. पहिलं चुकीचं हे सगळ्यांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत मीठ खायला सांगते. पण मे महिन्यात शर्ट घामाने भिजून पांढरा पडेपर्यंत काम करणाऱ्या माणसाचं मीठ शून्यावर आणायचं, वरून लघवीची गोळी द्यायची आणि भरपूर साधं पाणी प्यायला लावायचं, हा सोडियम घसरवण्याचा हमखास रस्ता आहे. भाजीत बेताचं मीठ राहू द्या, वरून घेणं बंद करा, लोणचं-पापड कमी करा. कामाच्या दिवशी ताक, आंबील चालेल, त्यात चिमूटभर मीठ असलं तरी आभाळ कोसळत नाही. हृदय किंवा किडनीच्या आजाराने ज्यांना पाणी मोजून सांगितलंय त्यांना हा सल्ला लागू नाही. सैंधव घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही, तेही मुख्यतः सोडियमच. आणि दुकानात ‘बीपीवाल्यांसाठी’ म्हणून कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टन चालू असताना, त्यातून किडनी कमजोर असेल तर ते विचारल्याशिवाय वापरू नका. रोज दोन-तीन नारळपाणी पिणाऱ्यांनाही हेच.

जुलाब-उलट्या लागल्या, किंवा ताप येऊन खाणंपिणं सुटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ‘ही गोळी आज द्यायची का’ असं विचारा. अशा वेळी टेल्मिसार्टनसारखी औषधं आणि लघवीची गोळी बहुधा तात्पुरती थांबवतात आणि खाणंपिणं नीट सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा चालू करतात. पुन्हा चालू करायची तारीखही त्याच फोनवर विचारून घ्या, नाहीतर थांबवलेली गोळी पोळ्यापर्यंत थांबलेलीच राहते. ओआरएसमध्ये मीठ असतं म्हणून बीपीच्या पेशंटला ते न देणं चूक आहे. पाणी सुकलेल्याला ओआरएस हवंच, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. आणि अशक्तपणा वाटला की ‘एक बाटली चढवून द्या’ म्हणत मोटारसायकलवर सलाईन लावायला जायची सवय सोडायला हवी. बीपी का उतरलं ते त्याने कळत नाही, आणि हृदय कमजोर असेल तर पाणी फुप्फुसात भरतं.

आता उलट बाजू. कधी मशीनवर 190 दिसलं तर घाबरून दुसरी गोळी देऊ नका. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून ठेवण्याची जुनी पद्धत अजून कुठेकुठे चालते. बीपी एकदम कोसळल्याने त्यातून लकवा आणि हृदयविकाराचे झटके आलेले आहेत, ती नकोच. त्रास काही नसेल तर शांत बसवा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही 180/120 च्या आसपास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, एकाएकी दिसेनासं होणं यांपैकी काहीही सोबत असेल तर आकड्याची वाट न पाहता 108 ला फोन. तसंच उन्हात काम करताना माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजून लगेच सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108. त्या वेळी गोळीची चर्चा नंतर.

तुम्ही लिहिलंय की आईलाही कधीकधी वडिलांच्याच पट्टीतली अर्धी गोळी दिली जाते. हे आज बंद करा. आईचं बीपी खरंच जास्त असेल तर तिची स्वतंत्र तपासणी आणि स्वतंत्र गोळी. आणि घरात सून किंवा मुलगी गर्भार असेल, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल यांच्या जवळपासही जाऊ देऊ नका. पोटातल्या बाळाच्या किडनीला त्यांनी इजा होते. गर्भारपणातल्या बीपीची औषधं वेगळी असतात.

तर या आठवड्याचं काम असं. वडिलांना घरातल्या सगळ्या पट्ट्यांचे, गुडघ्याच्या गोळीसकट, दोन्ही बाजूंनी फोटो पाठवायला सांगा. टेल्मिसार्टनची गोळी ओल धरते, म्हणून आठवड्याच्या डबीत आधीच काढून ठेवू नका, घेतानाच पट्टीतून काढा. पट्टी टिनाच्या छपराखाली फळीवर नको, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. दुखण्याची गोळी आजपासून थांबवा. डॉक्टरांकडे जाताना आकड्यांचा कागद आणि फोटो सोबत असू द्या, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. या गोळीवर दीड वर्ष काढून या तपासण्या एकदाही झाल्या नसतील तर त्या राहून गेल्यात असंच मी म्हणेन. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन-चार आठवड्यांत आणि पुढे वर्षातून किमान एकदा त्या व्हायला हव्यात. भेट लांबली आणि वरचा आकडा 100 च्या खाली आला, किंवा वडील चक्कर येऊन पडले, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा, आणि पडले असतील तर थेट दवाखाना. तोवर अकरा ते चार वावर बंद. ऐकणार नाहीत, माहीत आहे. पहाटे पाचला जाऊन नऊला परत यायला सांगितलं तर कदाचित ऐकतील.

डॉक्टरांनी माझ्यासारखाच विचार केला तर बहुधा लघवीचा भाग काढून बाकीची दोन ठेवतील, किंवा डोस उतरवून दोन आठवड्यांनी बोलावतील. त्यांनी वेगळं ठरवलं तर त्यांचं ऐका, त्यांनी वडिलांना पाहिलेलं असेल. फक्त एक तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा: दिवाळीनंतर, कापूस वेचणी चालू असताना आणि सकाळी शेकोटी पेटायला लागली की, पुन्हा सात दिवस बीपी मोजायचं. मे महिन्यात कमी केलेला डोस डिसेंबरात अपुरा पडतो, आणि तेव्हा चक्कर येत नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.